फॅरिश स्ट्रीटवरचा उन्हाळा

गाडीचं दार उघडं ठेवायचं, एक पाय बाहेर सोडायचा आणि मगच किल्ली फिरवायची. रात्रीतून कुणी इंजिनाला बॉम्ब जोडून ठेवला असलाच, तर उघड्या दारातून बाहेर फेकलं जाण्याची थोडीफार आशा राहते. जून १९६४, जॅक्सन शहर, मिसिसिपी राज्य. कायद्याचं पहिलं वर्ष संपवून उन्हाळी कामाला आलेल्या तुम्हाला इथे मिळणारा पहिला धडा हा. ही सवय मरियन राइट यांची. वय पंचवीस, येल विद्यापीठातून वकिली शिकून बाहेर पडल्याला जेमतेम वर्ष झालेलं, आणि तुम्ही ज्या ऑफिसात रुजू झालात ते त्याच चालवतात.

ऑफिस फॅरिश स्ट्रीटवर आहे. गोऱ्यांच्या जॅक्सनने बाहेर ठेवलेल्या जॅक्सनची ही बाजारपेठ. न्हाव्यांची दुकानं, दवाखाने, अलामो थिएटर, आणि ‘बिग ॲपल इन’ नावाची खाणावळ, जिथे डुकराच्या कानाचं सँडविच मिळतं आणि लोक ते आवडीने खातात. सकाळी आठलाच शर्ट पाठीला चिकटतो. मुंबईचा मे महिना काढलेल्यांना इथला उकाडा ओळखीचा वाटेल. संस्थेचं नाव लांबलचक आहे: एनएएसीपी लीगल डिफेन्स अँड एज्युकेशनल फंड. इकडे सगळे तिला ‘इंक फंड’ म्हणतात. थर्गुड मार्शल यांनी १९४० मध्ये उभी केली, शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा ब्राउन खटला १९५४ मध्ये हिच्याच वकिलांनी जिंकला. मुख्य कचेरी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबस सर्कलला. तिथल्या टेबलांवर सर्वोच्च न्यायालयाची कामं चालतात. तुमच्या टेबलावर आहे एक टाइपरायटर, कार्बन पेपरचा गठ्ठा आणि तुरुंगांच्या फोन नंबरांची यादी.

तुम्ही दिसता कसे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघतो. गोरे नाही, इथल्या अर्थाने काळेही नाही. कुठल्या नळावर पाणी प्यायचं? उत्तर शहराने नुकतंच देऊन ठेवलंय. तुमच्या आधी काही आठवडे राममनोहर लोहिया इथे येऊन गेले. टूगालू कॉलेजात उतरले होते. मे महिन्याच्या शेवटी मॉरिसन्स कॅफेटेरियात जेवायला गेले, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सांगून-सवरून, धोतर नेसून ते पुन्हा तिथेच गेले. पोलिसांनी गाडीत घालून नेलं आणि थोड्या वेळाने सोडून दिलं. परराष्ट्र खात्याने माफी मागितली तेव्हा लोहियांचं म्हणणं पडलं की माफी मागायचीच असेल तर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची मागा. आपल्याकडच्या जुन्या समाजवादी मंडळींना हा किस्सा तोंडपाठ असतो, बाकीच्यांच्या तो कानावरही गेलेला नसतो. तुमच्यापुरता अर्थ सरळ आहे: गोऱ्यांच्या बाजारपेठेत, कॅपिटॉल स्ट्रीटवर, जेवायला जायचं नाही. डबा नाहीतर बिग ॲपल.

आता वकिलांची गोष्ट. राज्याची जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीय, आणि नागरी हक्कांचे खटले घेणारे, मिसिसिपीची सनद असलेले कृष्णवर्णीय वकील किती? तीन. आर. जेस ब्राउन, कार्सी हॉल आणि जॅक यंग. हॉल आणि यंग आधी टपाल खात्यात होते. पत्रं वाटता वाटता एका ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली अभ्यास करून त्यांनी सनद मिळवली. या उन्हाळ्यात उत्तरेकडून शंभरावर वकील आळीपाळीने येणार आहेत, कुणी दोन आठवड्यांसाठी, कुणी महिनाभर. पण त्यांच्यापाशी मिसिसिपीची सनद नाही. कोर्टात कागद दाखल करायचा तर स्थानिक वकिलाची सही हवी, आणि स्थानिक गोरा वकील सही द्यायचा नाही. म्हणजे राज्यभरातल्या अटकांचा सगळा भार तीन पेनांवर. तुमच्या कामाचा मोठा भाग या तिघांना गाठण्यात जातो. ब्राउन कोर्टातून निघाले का, यंग जेवायला घरी गेले का, हॉल कुठल्या गावी अडकलेत. फॅरिश स्ट्रीटवरचा प्रत्येक न्हावी तुम्हाला आठवडाभरात ओळखू लागतो.

तुम्ही काही पहिले नाही. गेल्या उन्हाळ्यात, जून १९६३ मध्ये, येलची एक विद्यार्थिनी इथे आली होती. एलेनॉर होम्स. पुढे एलेनॉर होम्स नॉर्टन या नावाने ती अमेरिकी काँग्रेसमध्ये जाईल, पण ते तुम्हाला ठाऊक, इथे कुणाला नाही. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे मेडगर एव्हर्स यांनी दिवसभर तिला जॅक्सन दाखवलं, इथेच राहून काम कर म्हणून गळ घातली, आणि ती ऐकेना तेव्हा ग्रीनवुडच्या बसमध्ये बसवून दिलं. त्याच रात्री एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घातली गेली. ग्रीनवुडला पोचल्यावर तिला कळलं की मतदार नोंदणीचं काम करणाऱ्या फॅनी लू हेमर आणि त्यांचे सोबती विनोना गावाच्या तुरुंगात आहेत आणि त्यांना सोडवायला कुणीतरी जायला हवं. ती आधी ग्रीनवुडच्या पोलीस प्रमुखाकडे गेली. सांगितलं, मी येलची कायद्याची विद्यार्थिनी, मी विनोनाला चाललेय हे पुष्कळ लोकांना माहीत आहे, तुम्ही तिथे फोन करून कळवा. वकिलीची सनद नाही, कोर्टात उभं राहायचा अधिकार नाही. होती ती एवढी अक्कल, की जाण्याआधी आपल्या जाण्याचा साक्षीदार तयार करून ठेवावा आणि तो पोलीसच असावा. मला विचाराल तर कायद्याच्या विद्यार्थ्याने त्या काळात केलेलं सगळ्यात हुशारीचं काम हे. हेमरबाईंना तुरुंगात किती मारलं होतं, ते तिने तिथे डोळ्यांनी पाहिलं.

त्यामुळे इथले नियम तुम्ही मुकाट पाळता. रात्री खिडकीसमोर उभं राहायचं नाही. दिव्याकडे पाठ करून दारात थांबायचं नाही. गाडीच्या आतला दिवा काढून टाकायचा, म्हणजे दार उघडल्यावर आत कोण बसलंय ते दिसणार नाही. वेगमर्यादा मैलभरानेही ओलांडायची नाही. कुठे चाललोय, किती वाजता पोचणार, हे सांगून निघायचं आणि पोचल्यावर फोन करायचा. पोलिसाने पकडलं तर त्याच्याशी कायद्यावर वाद घालायचा नाही. जेस ब्राउन यांनी ओहायोतल्या प्रशिक्षण शिबिरात, मिसिसिपीत मतदार नोंदणीसाठी निघालेल्या स्वयंसेवकांना हेच बजावलं: गपचूप तुरुंगात जा आणि वकिलाची वाट बघा. त्याच शिबिरात केंद्राच्या न्याय खात्याचे जॉन डोअर यांनीही सांगून टाकलं की तुमचं रक्षण केंद्र सरकार करू शकणार नाही. मुलं चिडली, ओरडली. डोअर खोटं बोलत नव्हते, हे कळायला आठवडासुद्धा लागला नाही.

रविवार, २१ जून. तुम्हाला लिंच स्ट्रीटवर मदतीला पाठवलंय, कोफोच्या कचेरीत. कोफो म्हणजे मिसिसिपीतल्या चळवळीच्या सगळ्या संघटनांची आघाडी, ‘फ्रीडम समर’ या उन्हाळी मतदार नोंदणी मोहिमेचं मुख्य ठाणं. मेरिडियनहून निघालेले तिघं जण दुपारी चारपर्यंत परतायला हवे होते. जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन, मायकेल श्वर्नर. नेशोबा परगण्यात जाळलेलं एक चर्च पाहायला गेले होते. चार वाजले, पाच वाजले. यादी काढली जाते, फोन सुरू होतात. तुरुंग, इस्पितळं, शेरीफच्या कचेऱ्या.

इथे तुमच्या पोटात गोळा येतो. ते तिघं कुठे आहेत हे या क्षणी तुम्हाला माहीत आहे. फिलाडेल्फिया नावाच्या त्या छोट्या गावातल्या तुरुंगात. उपशेरीफ सेसिल प्राइसने दुपारी त्यांना अडवलं, चेनीवर वेगात गाडी चालवल्याचा आरोप ठेवला. रात्री साडेदहाच्या सुमारास त्यांना सोडतील, आणि कू क्लक्स क्लानच्या गाड्या रस्त्यावर वाट बघत असतील. फिलाडेल्फियाच्या तुरुंगातून उत्तर येतं की इथे अशी कुणी माणसं नाहीत. वहीत त्याची नोंद होते. तुम्ही ओरडून सांगाल, पण कुणाला? आणि काय म्हणून? ‘तुला कसं कळलं’ या पहिल्याच प्रश्नाला तुमच्यापाशी उत्तर नाही. साठ वर्षांपुढून आलेली माहिती कुठल्याही शपथपत्रात बसत नाही. शपथपत्राला हवं ते माणसाने स्वतः पाहिलेलं, स्वतः ऐकलेलं.

रात्री दहाच्या सुमारास एफबीआयच्या जॅक्सनमधल्या एजंटला फोन लावला जातो. लावणारा तुमच्यासारखाच एक कायद्याचा विद्यार्थी. तो शांतपणे तीन नावं सांगतो, गाडीचं वर्णन करतो, किती तास झाले ते सांगतो. एफबीआयचं मोठं ऑफिस या शहरात उघडणार आहे १० जुलैला, म्हणजे तिघं बेपत्ता झाल्यावर. जळालेली गाडी २३ जूनला दलदलीत सापडेल. मृतदेह ४ ऑगस्टला, मातीच्या एका नव्या बंधाऱ्याखाली. मधल्या सहा आठवड्यांत तुम्ही रोज ऑफिसला जाता, कार्बन पेपर नीट लावता, आणि कुणी ‘ते सापडतील’ म्हणालं की मान खाली घालता.

काम थांबत नाही, कारण अटका थांबत नाहीत. उन्हाळा संपेपर्यंत त्या हजारावर जातील. आरोप काय, तर फुटपाथ अडवला, परवान्याशिवाय पत्रकं वाटली, शांततेचा भंग केला. खटला चालतो जस्टिस ऑफ द पीससमोर. हा माणूस कायदा शिकलेला असायलाच हवा अशी अट नाही. त्याची कमाई खटल्यांच्या फीमधून होते. त्याच्यासमोर बचाव मांडण्यात अर्थ नसतो, निकाल आदल्या रात्रीच ठरलेला असतो.

मग करायचं काय? तुमच्या टेबलाच्या डाव्या खणात त्याचं उत्तर आहे. सायक्लोस्टाईल करून ठेवलेले फॉर्म, जागोजागी रिकाम्या जागा. याला इकडे ‘रिमूव्हल’ म्हणतात. यादवी युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये केंद्राने नागरी हक्कांचा कायदा केला, त्यात एक तरतूद घातली: ज्या आरोपीला राज्याच्या न्यायालयात समान नागरी हक्क मिळू शकत नाहीत, त्याने आपला फौजदारी खटला उचलून केंद्राच्या न्यायालयात न्यावा. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद आवळून टाकली. खटला परत पाठवण्याच्या हुकमावर अपील करायची सोयही १८८७ मध्ये गेली. सत्तर-पंचाहत्तर वर्षं ती कायद्याच्या पुस्तकात धूळ खात पडली होती. विल्यम कुन्स्टलर आणि त्यांच्या साथीदारांनी १९६१ नंतर दक्षिणेत तिला बाहेर काढलं. तिची ताकद एका छोट्या वाक्यात आहे. अर्ज केंद्राच्या न्यायालयात दाखल झाला आणि त्याची नक्कल राज्याच्या न्यायालयाच्या कारकुनाकडे पोचली, की राज्याच्या न्यायालयाने त्या खटल्यात पुढे पाऊल टाकायचं नाही. न्यायाधीशाचा हुकूम लागत नाही, सुनावणी लागत नाही. नक्कल पोचली की खटला जागच्या जागी थांबतो.

नक्कल पोचवायला लागतो एक माणूस. तो माणूस म्हणजे तुम्ही.

सकाळी फोन येतो, दूरच्या एका गावात सात जण आत आहेत, दुपारी दोनला खटला. तुम्ही फॉर्म टाइपरायटरवर चढवता. सात नावं, एक मूळ प्रत, कार्बनच्या नकला. शेवटची नक्कल इतकी फिकी उमटते की नावातला ‘ई’ आणि ‘ओ’ ओळखू येत नाही. ती काढून टाकायची आणि पुन्हा टाइप करायची, कारण नावात एका अक्षराची चूक सापडली की समोरचा सरकारी वकील ‘हा माणूस तो नव्हेच’ म्हणायला मोकळा. अर्ज प्रतिज्ञेवर असतो, म्हणजे शिक्का हवा, म्हणजे नोटरी हवा. गोरा नोटरी हातातलं काम बाजूला ठेवून सांगतो, शिक्का घरी राहिला. फॅरिश स्ट्रीटवरचा नोटरी शिक्का मारतो आणि फी घेत नाही. जॅक यंग यांची सही न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्याभोवती कापड असताना. केंद्राच्या न्यायालयात मूळ प्रत दाखल, खिडकीवरचा कारकून वेळेचा ठसा मारतो: ११ वाजून ४० मिनिटं. मग गाडी, दार उघडं, पाय बाहेर, किल्ली.

दोन तासांचा रस्ता. कपाशीची शेतं संपतच नाहीत. गावाच्या हद्दीवर एक पोलीस गाडी मागे लागते आणि नको इतकी जवळ येते. तुम्ही काटा पन्नासवर धरून ठेवता. कोर्ट किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. पंखा, सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट, भिंतीवर गव्हर्नरचं चित्र. न्यायमूर्ती नक्कल हातात घेत नाहीत. ‘हे काय आहे मला माहीत नाही आणि मला ते बघायचं नाही.’ तुम्ही वाद घालत नाही. नक्कल त्यांच्या टेबलावर, वहीच्या उघड्या पानावर ठेवता, घड्याळाकडे बघता आणि त्यांच्या देखत आपल्या टिपणवहीत लिहिता: १ वाजून ५२ मिनिटं, टेबलावर ठेवली, समोर अमुक आणि अमुक हजर. लिहिताना हात थरथरतो. पण लिहिलेली वेळ त्यांनाही दिसली आहे. ते उठून दुकानात फोन करायला जातात. वीस मिनिटांनी परत येतात आणि म्हणतात, आज कोर्ट नाही.

परतीच्या वाटेवर फार खूश होऊ नका. केंद्राचं न्यायालय म्हणजे हॅरल्ड कॉक्स. १९६१ मध्ये केनेडींनी नेमलेले न्यायाधीश, मिसिसिपीचे वर्णभेदवादी सिनेटर ईस्टलंड यांचे कॉलेजातले खोलीसोबती. याच वर्षी मार्चमध्ये, न्यायासनावर बसून, मतदार नोंदणीला आलेल्या कृष्णवर्णीयांना त्यांनी चिंपांझी म्हटलं. ते तुमचा खटला राज्याकडे परत पाठवणार, हे नक्की. पण आजचा खटला आज झाला नाही. सात जण जामिनावर बाहेर येतील, नोंदणीचं काम आणखी महिनाभर चालू राहील. फॅरिश स्ट्रीटवर त्या महिन्यालाच यश म्हणतात.

२ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन नागरी हक्क कायद्यावर सही करतात. सगळ्या वर्तमानपत्रांत चर्चा सर्वांना खुल्या होणाऱ्या हॉटेलांची, थिएटरांची, जेवणाच्या टेबलांची. जॅक्सनचं रॉबर्ट ई. ली हॉटेल कृष्णवर्णीय पाहुणा घेण्यापेक्षा बंद होणं पत्करतं. ऑफिसात मात्र वकील कायद्याच्या शेवटाकडच्या एका भागाकडे बोट दाखवतात, ज्याच्यावर कुणी अग्रलेख लिहिणार नाही. कलम ९०१: रिमूव्हलचा खटला परत पाठवण्याच्या हुकमावर यापुढे अपील करता येईल. म्हणजे कॉक्स यांच्या डोक्यावर न्यू ऑर्लिन्सचं अपील न्यायालय आलं, आणि तिथे एल्बर्ट टटल यांच्यासारखे, नागरी हक्कांची बाजू उचलून धरणारे न्यायाधीश बसतात. पुस्तकातल्या त्या एका ओळीने तुमच्या डाव्या खणातल्या फॉर्मची किंमत दुप्पट झाली. त्या दिवशी तुम्ही फॉर्मची आणखी एक रीम सायक्लोस्टाईल करता.

दुसरं काम शपथपत्रांचं, आणि ते रिमूव्हलहून कठीण. आपल्याकडे म्हणतात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मिसिसिपीत मत द्यायचं तर पायरी चढावीच लागते, कारण मतदार नोंदणी कोर्टाच्या इमारतीतच होते. एकवीस प्रश्नांचा अर्ज. त्यात राज्यघटनेच्या २८५ कलमांपैकी नोंदणी अधिकारी दाखवील ते कलम उतरवून काढायचं आणि त्याचा अर्थ लिहायचा. अर्थ बरोबर की चूक, ते ठरवणार तोच अधिकारी. वर अर्जदाराचं नाव दोन आठवडे वर्तमानपत्रात छापतात, म्हणजे मालकाला, घरमालकाला, बँकेला, सगळ्यांना कळावं. सगळ्या राज्यात पात्र कृष्णवर्णीयांपैकी नोंदणी झालेले सात टक्केही नाहीत.

ग्रीनवुडजवळच्या एका घराच्या व्हरांड्यात तुमच्यासमोर बसलेली बाई त्या यादीत नाव छापून आलेल्या शेकडोंपैकी एक. वय पन्नाशीच्या पुढे. मराठी माणसाच्या तोंडी सहज ‘मावशी’ येईल. इथे ते गिळायचं. गोरे लोक वयस्क कृष्णवर्णीय बाईला ‘आँटी’ म्हणतात ते ‘मिसेस’ म्हणायला लागू नये म्हणून. तीनच महिन्यांपूर्वी, ३० मार्चला, इंक फंडाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात यावरच एक खटला जिंकला. अलाबामात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला सरकारी वकील साक्षीत नुसतं ‘मेरी’ म्हणत राहिला. ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं तिने सांगितलं, म्हणून न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा झाली. ती शिक्षा वरच्या न्यायालयाने रद्द केली. म्हणून शपथपत्राच्या पहिल्या ओळीत तुम्ही आधी ‘मिसेस’ टाइप करता. बाई ते वाचतात. काही बोलत नाहीत, पण खुर्ची जवळ ओढतात.

‘त्यांनी घरावर गोळ्या झाडल्या,’ त्या सांगतात.

‘तुम्ही झाडताना पाहिलंत?’

‘बाळा, गोळ्या चालू असताना खिडकीत कोण उभं राहील? मी नातवंडांना खाटेखाली ढकललं.’

‘म्हणजे आवाज ऐकलात. किती?’

‘तीन. थांब. तीन, आणि मग जरा वेळाने एक.’

तुम्ही तसंच लिहिता: तीन, आणि जरा वेळाने एक. कॉलेजात शिकलेली सवय सांगते की ‘चार गोळ्या’ लिहावं, सुटसुटीत होतं. लिहू नका. जरा वेळाने सुटलेली ती एक गोळी ऐकलेल्या माणसालाच माहीत असते.

‘गाडी कुणाची होती, सांगता येईल?’

‘त्या घराच्या थोरल्या पोराचा ट्रक. मागचा उजवा दिवा फुटलेला आहे त्याचा.’

‘फुटलेला दिवा तुम्हाला कसा माहीत?’

बाई तुमच्याकडे असं बघतात की एवढं शिकून काय केलंत. ‘नऊ वर्षं त्यांच्याकडे स्वयंपाक केला मी. तो ट्रक रोज माझ्या खिडकीसमोर उभा असायचा. पेपरात नाव आलं, त्या सोमवारी मला नको म्हणाले.’

हे सगळं कागदावर यायला दोन तास लागतात. प्रत्येक वाक्यामागे तुम्ही विचारता: हे तुम्ही स्वतः पाहिलं, की कुणी सांगितलं? कुणी सांगितलेलं खोडता, आणि बाईंना राग येतो, कारण सांगणारा त्यांचा सख्खा भाऊ असतो. त्याचं शपथपत्र वेगळं घेऊ म्हणता. मग सगळं मोठ्याने वाचून दाखवता. एके ठिकाणी त्या थांबवतात. तुम्ही ‘घाबरले’ लिहिलंय. ‘घाबरले असं मी म्हटलं नाही. पोरांना खाटेखाली घातलं असं म्हटलं.’ खोडता. सही करायच्या आधी शेवटचा प्रश्न विचारावाच लागतो: हा कागद न्यायालयात जाईल, त्यावर तुमचं नाव असेल, चालेल? ‘नाव त्यांनी आधीच छापलंय,’ त्या म्हणतात आणि सही करतात.

असली शपथपत्रं त्या उन्हाळ्यात राज्यभरातून गोळा झाली. काही शेरीफ आणि क्लानविरुद्ध केंद्राच्या न्यायालयात गुदरलेल्या दाव्यात गेली. सत्तावन्न निवडून १९६५ मध्ये ‘मिसिसिपी ब्लॅक पेपर’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली.

ऑगस्टच्या शेवटी तुमची मुदत संपते. सामान बांधण्याआधी पुढचं ऐकून ठेवा, तिथे कुणाला सांगता येणार नाही तरी. ज्या फॉर्मवर तुमची बोटं कार्बनने काळी झाली, त्याचा दरवाजा २० जून १९६६ रोजी बंद झाला. ग्रीनवुडमधल्याच अटकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की राज्याच्या न्यायालयात न्याय मिळणार नाही एवढ्या कारणासाठी खटला हलवता येणार नाही. हा निकाल मला पटत नाही. बहुमताने म्हटलं की राज्याच्या न्यायालयात अन्याय झाला तर पुढे अपील आहे. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत एकदा तरी उभं राहिलेल्या माणसाने असं लिहिलं नसतं. पण तोवर दोन वर्षं मिळाली होती, आणि त्या दोन वर्षांत, ६ ऑगस्ट १९६५ ला, मतदान हक्क कायदा झाला. अर्थ लिहायची परीक्षा गेली. १९६७ पर्यंत मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून ५९.८ टक्क्यांवर पोचली.

तिघांच्या खुनाचा केंद्राचा खटलाही कॉक्स यांच्यासमोरच आला. मुख्य आरोप त्यांनी आधी काढून टाकले, सर्वोच्च न्यायालयाने ते परत घातले. ऑक्टोबर १९६७ मध्ये सात जण दोषी ठरले, उपशेरीफ प्राइस त्यांत होता. शिक्षा तीन ते दहा वर्षांच्या. मिसिसिपी राज्याने स्वतः चालवलेल्या खटल्यात या प्रकरणी पहिल्यांदा दोषी ठरला तो क्लानचा एडगर रे किलन, सदोष मनुष्यवधासाठी, २१ जून २००५ रोजी. घटनेला त्या दिवशी एक्केचाळीस वर्षं पुरी झाली होती.

तुम्ही खरोखरच कायदा शिकत असाल, तर एक करा. ‘फ्रीडम समर’चे हजारो कागद विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीने जपून ठेवलेत, आणि त्यांतले पुष्कळ इंटरनेटवर फुकट वाचता येतात. शपथपत्रं आहेत, तुरुंगांना केलेल्या फोनांच्या नोंदी आहेत, फिके पडलेले कार्बन आहेत. येत्या सुट्टीत निकालपत्रांच्या आधी ते वाचायला घ्या, आणि प्रत्येक वाक्याशी थांबून बघा की हे सांगणाऱ्याने स्वतः पाहिलंय, की लिहून घेणाऱ्याने भर घातलीय.